कापायचं कशानं?

मित्रांनो, थर्ड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं होतं, "गॅल्व्हनाइज्ड स्टील कापायचं असेल तर कुठली पद्धत निवडाल?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "सर, लेझर कटिंग. अचूक, वेगवान, हीट अफेक्टेड झोन कमी." सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क मिळाले. बाहेर आल्यावर पुढच्या रोल नंबरवाल्यांनी गराडा घातला, "काय विचारलं रे?" मी उत्तर सांगितलं आणि पाठोपाठ सहा जणांनी तेच ठोकून दिलं.

आज मागे वळून बघतो तेव्हा त्या उत्तराची लाज वाटते. उत्तर चुकीचं होतं असं नाही. पण सरांना उलट विचारायला हवं होतं की पत्रा की पाईप की अँगल? जाडी किती? नग किती? काम कारखान्यात आहे की गावातल्या शेडमध्ये? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापताना तिथला धूर कोण ओढणार आहे? हे प्रश्न मला पुस्तकाने शिकवले नाहीत, मामाच्या तापाने शिकवले. तीच गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्याच शहाणपणाची आहे, त्यामुळे हसलात तरी चालेल.

माझं आजोळ अणदूर. तुळजापूर तालुका, जिल्हा धाराशिव (म्हणजे आपलं उस्मानाबाद, 2023 मध्ये नाव बदललं). सोलापूर-हैदराबाद हायवेवर, नळदुर्गजवळ. खंडोबाचं गाव म्हणून पंचक्रोशीला माहीत. देव वर्षातला बराचसा काळ अणदूरला आणि थोडा काळ नळदुर्गच्या मैलारपुरात राहतो, त्यामुळे दोन्ही गावांचा देव एकच. हॅलो मेडिकल फाउंडेशनमुळे आरोग्याच्या कामातही गावाचं नाव घेतलं जातं. बाकी पाऊस बेभरवशाचा. ज्याच्या विहिरीला पाणी त्याची द्राक्षबाग, नाहीतर सोयाबीन, तूर.

मामाचं फॅब्रिकेशनचं शॉप. शॉप म्हणजे काय, तीन बाजूंनी पत्रे, पुढे शटर, एक वेल्डिंग मशीन, एक चॉपसॉ, दोन ग्राइंडर, एक गॅस कटिंगचा सेट आणि बांकावर कायम पडलेली हॅक्सॉ. गेट, खिडक्या, ट्रॉलीची दुरुस्ती, गोठ्याचं शेड, असली कामं. अलीकडे त्यात गॅल्व्हनाइज्ड मालाची भर पडली आहे. सौर पंपाच्या योजना आल्यापासून (केंद्राची पीएम-कुसुम 2019 ची, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' 2024 ची) शिवारात जागोजागी जस्ताच्या मुलाम्याचे ढाचे उभे राहिलेत. शेडनेटचे पाईप, द्राक्षमंडपाचे अँगल, पाण्याची लाईन, सगळीकडे 'जीआय'. लोकांना कळून चुकलंय की साधं लोखंड रंगवत बसण्यापेक्षा जस्तवालं बरं. ते खरंच आहे. पण जीआयचा माल घेतला म्हणजे काम झालं असं नाही. तो कापावा लागतो. आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

हिवाळी सेमिस्टरची परीक्षा संपवून मी अणदूरला गेलो होतो. पौष महिना. पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा. एका बागायतदाराने जुन्या शेडनेटचा ढाचा मोडून त्याचे 40 अँगल आणून टाकले होते. 50 बाय 50 बाय 6 चे, हॉट डिप केलेले. प्रत्येकाचं एक टोक कापून सारखी लांबी करायची, मंडपाच्या खांबांसाठी. यात्रेच्या आधी पाहिजे म्हणजे पाहिजे! मामाने चॉपसॉवर 8 नग कापले, दोन हॅक्सॉने पोराने कापले (वेळ काढायला), आणि लाईट गेली.

तासभर आम्ही बसून. मामा बिडी ओढतोय, मी मोबाईल बघतोय. शेवटी माझ्यातला इंजिनियर जागा झाला.

"मामा, गॅस आहे ना? गॅसने उडवा की! सहा मिलिमीटर म्हणजे काय, लोणी कापल्यासारखं."

मामा म्हणाला, "आरं जस्त हाय त्यो. धूर लई बेकार आसतुया."

"तीसच तर नग आहेत. तोंडाला रुमाल बांधा."

भाचा शिकलेला. कॉलेजात पैसे भरून शिकतोय. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अँगलच्या ढिगाकडे, आणि टॉर्च पेटवली. थंडीचा वारा म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. मी बाहेर पायरीवर बसून पुढच्या अँगलवर खडूने खुणा करत होतो. आत पांढराशुभ्र धूर. टॉर्चच्या आजूबाजूला कापसासारखे पांढरे धागे तरंगत होते. मला तर ते बघायला छान वाटत होतं!

तीसच्या तीस नग तासाभरात संपले. आम्ही खूश. शेवटचा नग पडला आणि पंधरा मिनिटांत लाईट आली.

रात्री साडेनऊ-दहाला मामाला कणकण सुरू झाली. तोंडाला गोडसर, पैसा चघळल्यासारखी चव. मग हुडहुडी भरली. दोन वाकळा टाकल्या तरी दात वाजत होते. कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी. मामीने हळदीचं दूध दिलं, गुळाचा खडा दिला. पहाटे घामाने अंथरूण भिजलं. सकाळी डॉक्टरांनी तपासलं, मलेरियाबद्दल विचारलं आणि मग मामाचे हात बघून म्हणाले, "काल काय कापलंत?" मामा गप्प. मामीने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण मामा दोन दिवस शॉपला गेला नाही. यात्रेच्या आधीची दोन दिवसांची कमाई बुडाली. मी मात्र त्या दोन दिवसांत जेवढं वाचलं तेवढं परीक्षेलासुद्धा वाचलं नव्हतं.

आता जरा आपलं शास्त्र बघू. जस्त साधारण 420 अंश सेल्सियसला वितळतं आणि 907 अंशांना उकळतं. पोलाद वितळायला 1500 च्या आसपास जावं लागतं. गॅस कटिंगमध्ये आपण लोखंड वितळवत नाही, ते लालभडक तापवून त्यावर ऑक्सिजनचा झोत सोडतो आणि लोखंड चक्क जळतं. त्यासाठी आधी ते 900 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. म्हणजे बघा, लोखंड कापायला तयार होईपर्यंत वरचं जस्त उकळायला आलेलं असतं! त्याची वाफ हवेत गेली की ऑक्सिजनशी संयोग होऊन झिंक ऑक्साइड. तेच ते पांढरे धागे. त्याचे कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, रुमालाच्या विणीतून आरपार जाऊन थेट फुप्फुसात उतरतात. शरीराला वाटतं काहीतरी आजार शिरलाय, आणि चार ते दहा तासांनी ताप चढतो. याला मेटल फ्यूम फीवर म्हणतात. बहुतेक वेळा दिवस-दीड दिवसात उतरतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पितळ ओतणाऱ्या कारागिरांना हा ताप पूर्वीपासून माहीत आहे. त्याला 'सोमवारचा ताप' असंही नाव पडलं, कारण रोज थोडा धूर घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते, रविवारच्या सुट्टीत ती मोडते आणि सोमवारी पुन्हा ताप!

दूध आणि गुळाचं काय? आपल्याकडे प्रत्येक वेल्डर सांगतो, "दूध प्यायलं की बाधत न्हाई." मित्रांनो, दूध जातं पोटात, धूर जातो फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. दूध जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर धुरात उभं राहू नका.

गंमत अशी की जस्ताच्या या उकळण्याच्या खोडीनेच जगाला छळलंय. खनिजातून जस्त काढायला कोळशासोबत जेवढं तापवावं लागतं त्या तापमानाला ते वाफ होऊन उडून जातं. म्हणून तांबं, लोखंड माणसाला लवकर मिळालं, शुद्ध जस्त मात्र उशिरा. ती वाफ पकडून थंड करायची, म्हणजे ऊर्ध्वपातनाची युक्ती आपल्या राजस्थानातल्या झावरच्या कारागिरांनी युरोपच्या कितीतरी आधी साधली होती. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याचं फ्रेंच पेटंट सोरेल यांचं, 1837 चं. झावरच्या लोकांनी जी वाफ भांड्यात जपून पकडली, ती आम्ही अणदूरच्या शेडमध्ये मामाच्या छातीत भरली. वर शटरही अर्धं खाली!

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या वर्षी, एक पावसाळा गेल्यावर, मी त्याच बागेत गेलो. 40 खांब उभे होते. मुद्दाम एकेक बघत फिरलो. कुठला खांब कशाने कापलाय हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं! गॅसने कापलेल्या तीसही टोकांना दीड-दोन बोटं लाल गंज आणि खाली ओघळलेले तांबूस डाग. चॉपसॉच्या आठ टोकांना कडेला बारीक लाल रेघ. आणि पोराने रडतखडत हॅक्सॉने कापलेली दोन टोकं? कापलेल्या तोंडावर मधोमध थोडा तांबूसपणा, बाजूचं जस्त जसंच्या तसं. आम्ही सगळ्या टोकांना सिल्व्हर पेंट मारला होता बरं का! दिसायला अगदी जस्तासारखा.

हे असं का झालं? जस्त लोखंडाला दोन प्रकारे सांभाळतं. एक म्हणजे अंगावरच्या सदऱ्यासारखं झाकतं. दुसरं म्हणजे कुठे ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तर आजूबाजूचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला गंजू देत नाही. मोठ्या भावाने मार खायचा आणि धाकट्याला वाचवायचं, असा प्रकार. पण मोठा भाऊ जवळ असला तरच ना! हॅक्सॉने कापलं तर कडेपर्यंत जस्त शाबूत असतं, ते कापलेल्या तोंडाला बऱ्यापैकी सांभाळतं. पातळ पत्र्याची कड तर दोन्ही बाजूंच्या जस्ताने छान सांभाळली जाते. गॅसने मात्र कडेपासून दोन बोटं जस्तच पळवून लावलं. आता वाचवणार कोण? आणि सिल्व्हर पेंट म्हणजे ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रंग. तो नुसता झाकतो. डागडुजीसाठी लागतो झिंक रिच पेंट, ज्याच्या वाळलेल्या थरात बहुतांश जस्तच असतं. दुकानात दोन्ही डबे शेजारी ठेवले तर किमतीचा फरक दिसतो, आणि पाऊस झाला की कामाचा!

आता इंजिनियरांसाठी थोडा हिशेब. 5 मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादावर हॉट डिपचा मुलामा आयएस 4759 प्रमाणे चौरस मीटरला 610 ग्रॅम. जस्ताची घनता 7.14 धरली तर थर येतो साधारण 85 मायक्रॉन. 50 च्या अँगलचा आतून-बाहेरून घेर साधारण 200 मिलिमीटर. गॅसने कापताना दोन्ही बाजूंना मिळून 40 मिलिमीटर पट्टा जळाला असं धरा. क्षेत्रफळ 0.008 चौरस मीटर, म्हणजे एका कापाला जवळपास 5 ग्रॅम जस्त. 30 कापांना 150 ग्रॅम! अँगल जुने होते, थर थोडा झिजलेला असणार. काही जस्त वितळून ओघळलं असणार. तरीसुद्धा अर्ध्या बंद शटरच्या शेडमध्ये त्यातलं निम्मं जरी हवेत गेलं असेल, तर ते मी, एका होऊ घातलेल्या इंजिनियरने, सुचवलेलं होतं.

मग कापायचं कशानं? माझं मत स्पष्ट आहे. जस्तवाल्या मालाला पहिली पसंती थंड कापण्याला. उष्णता वापरायचीच तर नाइलाज म्हणून, आणि त्याची तयारी करून. आता एकेक बघू.

पत्रा असेल तर कात्री, शिअर किंवा निबलर. ग्राइंडर पत्र्याला लावूच नका. छपराच्या पत्र्यावर बाजाराच्या मालात जस्त मुळातच कमी असतं. 120 ग्रॅमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून 120, एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. 275 चा असेल तर 19. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण, ते जस्तावर चिकटतात आणि पहिल्याच पावसात पत्र्याला गोवर आल्यासारखे लाल ठिपके दिसायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं पत्रा डुप्लिकेट! पत्रा चांगलाच असतो, कापणाराने वाट लावलेली असते.

पाईप, अँगल, पट्टी असेल आणि नग थोडे असतील तर हॅक्सॉ. हसू नका. एका वेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत हा नियम आपण फर्स्ट इयरला पाठ केलाय. पातळ पाईपला इंचाला 32 दातांचं ब्लेड, 3 मिलिमीटरच्या आसपास 24, त्याहून जाड अँगलला 18. कुठलंही एकच ब्लेड सगळीकडे घासलं की दात मोडतात आणि मग आपण हॅक्सॉला शिव्या देतो. नग जास्त असतील तर बँडसॉ. अंगमेहनत वाचते, काप थंड राहतो.

चॉपसॉ हा मधला मार्ग. वेग आहे, जस्त कडेला थोडंच जळतं, पांढरा धूर त्या मानाने खूप कमी. पण शटर पूर्ण वर, मास्क, चष्मा, आणि ठिणग्यांच्या वाटेत तयार माल ठेवायचा नाही. नंतर कडेची बर कानशीने काढून झिंक रिच पेंट. छोट्या ग्राइंडरबद्दल एकच सांगतो. 4 इंची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते, म्हणजे कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर. गार्ड काढून ठेवणाऱ्याने हा आकडा शॉपच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

प्लाझ्माने काप झटपट होतो, गॅसपेक्षा जस्त कमी रुंदीत जळतं. पण उष्णता ती उष्णता, धूर होणारच, त्यामुळे धूर ओढून घेणारी सोय हवी. शिवाय कॉम्प्रेसर आणि दमदार वीज लागते. लाईट गेली की तोही बसला. माझं लाडकं लेझर? पातळ पत्र्याचे शेकडो सारखे नग असतील, मागे धूर ओढणारं यंत्र असेल, तर त्याच्यासारखं दुसरं नाही. वॉटरजेट थंड कापतं पण महाग. अणदूरच्या 40 अँगलसाठी या दोन्हींची चर्चा म्हणजे शेजारच्या गल्लीत जायला विमानाचं तिकीट.

आणि गॅस? अगदीच इलाज नसेल तर. काम उघड्यावर करायचं. वारा पाठीमागून किंवा बाजूने, डोकं धुराच्या लोटात नाही. कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं दोन-तीन इंच जस्त आधी घासून काढायचं, तेही मास्क लावूनच. मास्क म्हणजे बारीक कण अडवणारा एफएफपी 2 दर्जाचा, रुमाल नव्हे. आणि नंतर घासूनपुसून झिंक रिच पेंटचा भरपूर जाड थर. आयएसओ 1461 मध्ये कारखान्यातल्या मालाच्या दुरुस्तीसाठी 100 मायक्रॉनचा थर सांगितलाय आणि उघडा पडलेला एक तुकडा 10 चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. आमच्या एकेका टोकाचा जळका पट्टा याच्या कितीतरी पुढे गेला होता. ते मोजायला गेलं तर आमचे तीसही नग नापास!

या सगळ्याहून उत्तम उपाय म्हणजे कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग सगळं काळ्या लोखंडावर उरकायचं आणि मग माल गॅल्व्हनायझिंगला पाठवायचा. आधी शिवण, मग रंगारी. तिथेही कापायच्या पद्धतीने फरक पडतोच. गॅस, प्लाझ्मा, लेझरने कापलेल्या कडेवर जस्त नीट धरत नाही, म्हणून ती कड ग्राइंडरने साफ करून पाठवावी लागते. आणि पाईपचं दोन्हीकडून बंद काम असेल तर हवा जायला भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर साडेचारशे अंशांच्या जस्ताच्या टाकीत अडकलेल्या हवेचा आणि ओलाव्याचा स्फोट होतो. हे ड्रॉइंग काढणाऱ्याने आधी ठरवायचं असतं. म्हणजे तुम्ही-आम्ही!

तुम्ही म्हणाल, बोलायला काय जातंय? गिऱ्हाईक थांबत नाही. मामानेही हेच सुनावलं, "हॅक्सॉनं तीस अँगल कापायचं म्हंजी हाताचं तुकडं पडत्यात, भाचेबुवा. तुमी कापा की!" मुद्दा शंभर टक्के खरा आहे, म्हणून मी कापून बघितले. पहिला अँगल साडेपाच मिनिटांत. पाचव्याला आठ मिनिटं आणि तळव्याला फोड. दोघांनी आलटून-पालटून तीस नग म्हणजे चार तास धरा. गॅसला तास लागला होता. वाचले तीन तास. गेले काय? मामाचे दोन दिवस, डॉक्टर आणि औषधं, आणि पुढच्या वर्षी बागेत जाऊन तीस टोकं घासून पुन्हा रंगवायचा एक दिवस, तोही फुकट, कारण गिऱ्हाईक ओळखीचं. शिवाय आम्ही अजून जरा दम धरला असता तर लाईट आली असती आणि चॉपसॉने दुपारपर्यंत काम उरकलं असतं. घाईचा हिशेब आपण कधी मांडत नाही. गॅसचे पैसे बिलात दिसतात, ताप बिलात दिसत नाही.

म्हणून माझी तक्रार आपल्या शिकण्याबद्दल आहे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण फिटिंगचा जॉब केला, काळ्या पट्टीवर. वेल्डिंगचा जॉब केला, काळ्या पट्टीवर. (काहींनी सिनियरचा जॉब घासून सबमिट केला, नावं घेत नाही!) गावातल्या शॉपमध्ये आज निम्मा माल जस्तवाला दिसतो, आणि आपल्या जर्नलमध्ये त्याचा एक तुकडा नाही. एका बॅचला एकच अँगल द्या. हॅक्सॉ, चॉपसॉ आणि बाहेर उघड्यावर, मास्क लावून, गॅस, असे तीन काप मारू द्या. तिन्ही तुकडे वर्कशॉपच्या छपरावर एक पावसाळा ठेवा. पुढच्या बॅचला काहीही शिकवावं लागणार नाही, तुकडेच शिकवतील. खर्च एका अँगलचा.

आणि दुसरी तक्रार स्वतःबद्दल. अणदूरमध्ये गावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवून आरोग्याचं ज्ञान साध्या शब्दांत घरोघरी नेण्याचं काम झालंय. फारशी शाळा न शिकलेल्या बायका ते करू शकतात. मग चार वर्षं इंजिनियरिंग शिकणारा मी मामाला एवढं साधं सांगू शकलो नाही की धूर बाधतो हे त्याचं म्हणणं बरोबर आहे? त्याला माहीत होतं! त्याने सांगितलंही होतं. त्याच्या अनुभवावर मी माझ्या डिग्रीचं वजन टाकलं, तेही न मिळालेल्या डिग्रीचं.

आता मामाच्या शॉपमध्ये थोडा बदल झालाय. जस्तवाला माल आला की शटर पूर्ण वर जातं. खिळ्याला मास्क अडकवलेला असतो. झिंक रिच पेंटचा डबा फळीवर आहे, सिल्व्हरचा डबा गेटच्या कामापुरता. गॅसचा सेट अजून आहे, काळ्या मालासाठी. सेकंडहँड बँडसॉ घ्यायचं चाललंय, पैसे जमले की. घाईचं गिऱ्हाईक आलं की मामा माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "ह्येला इचारा. ह्येनंच मला ताप आणलावता."

मित्रांनो, ओरलला हा प्रश्न तुम्हालाही येईल. लेझर म्हणा, मार्क मिळतील. पण त्याआधी सरांना एकदा विचारून बघा, "सर, जाडी किती आणि कापणार कोण?" मार्क कमी पडले तर माझं नाव सांगा.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी